तोडणी कामगारांच्या मुलांसाठी हंगामी पाळणाघर : पैसा, परवानगी आणि प्रशिक्षण



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. यावेळी विषय वेगळा आहे, पण तो उसाच्या फडातलाच आहे. आपला ऊस तोडायला जी माणसे येतात त्यांच्याबरोबर त्यांची लहान मुले येतात. ती मुले दिवसभर कुठे असतात, त्यांना कोण बघते आणि त्यांची सोय लावायची तर काय काय लागते, याचा हा पाठ आहे. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला तर आपल्याला माहितीवर बोलता यावे, एवढाच हेतू.

तोडणीचा करार होतो तेव्हा कागदावर काय लिहिले जाते ते आठवून बघा. मुकादमाचे नाव, गाव, कोयत्यांची संख्या, उचलीची रक्कम, गाडी सेंटर असेल तर बैलजोड्यांची संख्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपण सगळे जाणतो. बैल किती ते कागदावर असते. लेकरे किती याचा रकाना कारखानदारीच्या जुन्या छापील नमुन्यात नाही. ज्याची नोंद नाही त्याची तरतूद होत नाही, हा हिशेबाचा साधा नियम आहे. म्हणून पहिले काम तिथूनच सुरू होते.

अडचण नेमकी काय आहे

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, नाशिक अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने ही कुटुंबे घराबाहेर असतात. घरी म्हातारी माणसे असतील तर शाळेत जाणारी मुले मागे ठेवतात. पण अंगावर पिणारे, नुकते चालायला लागलेले मूल कोणाजवळ ठेवणार? ते आईबरोबर येते.

तोडणी पहाटे सुरू होते. थंडीत चार-पाच वाजता कोपीतून निघायचे, मूल कडेवर किंवा गाडीत. फडात पोचल्यावर पाचटाचा बिछाना करून त्यावर मूल झोपवायचे. आई मोळ्या बांधते, डोकी सेंटर असेल तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. तिचे लक्ष मुलाकडे किती राहणार? मग सात-आठ वर्षांची थोरली बहीण धाकट्याला सांभाळते, आणि तिची शाळा तिथेच सुटते. एका लहानग्याची सोय नसली की दोन मुलांचे नुकसान होते, हे ध्यानात घ्यावे.

फडात धोके कोणते आहेत हे सभासदांना आम्ही सांगायला नको. तरी एकदा मोजून घेऊ. पाचटात झोपलेले मूल मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चालकाला दिसत नाही. पाचटात साप आणि विंचू असतात. बिनकठड्याची विहीर, शेततळे, पाटाचे पाणी. मोटारीची उघडी पेटी. बांधावर टाकलेली तणनाशकाची रिकामी बाटली. शेजारच्या रानात पेटवलेले पाचट. कोयता तर हाताशीच असतो. हे सगळे आपल्या, म्हणजे सभासदाच्या, रानात आहे. टोळी कारखान्याची म्हणा की मुकादमाची म्हणा, रान आपले आहे.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आई गरोदर राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचा काळ, म्हणजे पहिले साधारण एक हजार दिवस, मुलाच्या मेंदूच्या आणि शरीराच्या वाढीत फार मोलाचे असतात, असे आहारशास्त्र सांगते. उसाची बाळबांधणी वेळेवर झाली नाही तर पुढे कितीही गोण्या खत ओतले तरी गेलेला फुटवा परत येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. मुलाचेही तसेच आहे. या हजार दिवसांतले दोन हंगाम फडात गेले, वेळेवर खाणे नाही, लस चुकली, जुलाब दोनदा झाले, तर पुढे ते मूल शाळेत आणि अंगमेहनतीतही मागे पडते.

पूर्वी हे काम कोणी केले

पाळणाघर, बालवाडी म्हणजे शहरातले काम, असा समज असतो. तो खरा नाही. आपल्या महाराष्ट्रातच याचा पाया खेड्यात घातला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. पुढे हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी भागात गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली. मूल जिथे आहे तिथे आपण जायचे, ही त्यांची रीत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावर काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था झाली. इमारत पुरी झाली की मजूर दुसरीकडे जातात, पाळणाघरही त्यांच्या मागे जाते. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था बांधकामांवर असेच काम करते. आपल्या टोळ्याही फडाफडाने फिरतात, म्हणून हे उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे.

तिसरे, सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आज गावोगाव ज्या अंगणवाड्या आहेत त्या याच योजनेच्या. म्हणजे आपल्याला शून्यातून काही उभारायचे नाही. गावात अंगणवाडी आहे, सेविका आहे, मदतनीस आहे. तोडणीच्या वेळा आणि अंगणवाडीच्या वेळा जुळत नाहीत, ही खरी अडचण आहे. अंगणवाडी उघडते तेव्हा फडात निम्मी तोड झालेली असते.

कायदा काय सांगतो

१९४८ च्या कारखाने कायद्यात, तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवावी, अशी तरतूद होती. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तेथे पाळणाघर ठेवावे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे, असे त्यात आले. या दोन्ही कायद्यांची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी घेतली. त्यांतही पन्नास कामगारांच्या मर्यादेवर पाळणाघराची तरतूद आहे. अनेक आस्थापनांनी एकत्र येऊन सामायिक पाळणाघर चालवण्याची मुभाही त्यात दिली आहे. शेजारच्या दोन कारखान्यांच्या टोळ्या एकाच गावात उतरत असतील तर ही मुभा ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता प्रश्न येतो, तोडणी कामगार हा कारखान्याचा कामगार की मुकादमाचा? यावर पुष्कळ वाद आहे आणि तो वकिलांनी घालावा. आमचे म्हणणे इतकेच, की वाद मिटेपर्यंत पाचटावरचे मूल लहान राहत नाही. कायद्याने सक्ती होईल तेव्हा करू, असे सहकारात म्हटले गेले असते तर प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी कारखाना उभाच राहिला नसता.

पैसा कुठून आणायचा

चार ठिकाणे आहेत. एकेक बघू.

(१) पाळणा योजना. केंद्र सरकारची राजीव गांधी पाळणाघर योजना २००६ पासून होती. २०१७ पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. २०२२-२३ पासून ती ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ या नावाने चालते. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले तिच्यात बसतात. आपल्या राज्यात खर्चाचा केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. आहे त्याच अंगणवाडीला जोडून पाळणाघर, म्हणजे अंगणवाडी-नि-पाळणाघर, उघडण्यावर योजनेचा भर आहे. ज्या गावात दरवर्षी टोळ्या उतरतात तेथील अंगणवाडीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे मागणी द्यावी. मागणीबरोबर मुलांची यादी जोडावी. यादी नसेल तर मागणीला वजन येत नाही.

(२) अंगणवाडीचा आहार. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नाश्ता व गरम ताजे जेवण हा त्यांचा हक्क आहे. मूल परगावचे आहे म्हणून तो जात नाही. २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर नोंद होते. मूळ गावची नोंद असेल तर इथल्या सेविकेला ती सापडते. त्यासाठी आईजवळ मुलाची माहिती आणि माता-बाल संरक्षण कार्ड हवे. मुकादमाला निघतानाच सांगावे, की उचलीच्या कागदाबरोबर हे कार्डही गाठोड्यात बांधून आणा.

(३) ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे राज्य सरकारने ठरवले, आणि तितकीच भर सरकारने घालायची असे धोरण आहे. या कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजनाही २०२१ साली मंजूर झाली. पण वसतिगृह शाळेच्या मुलामुलींना. कडेवरच्या मुलाला वसतिगृहात ठेवता येत नाही. म्हणून पाळणाघराचा वेगळा प्रस्ताव कारखान्याच्या ठरावासह महामंडळाकडे पाठवावा, असे आम्हाला वाटते. जिथे आपला पैसा जातो तिथे मागणी करण्यात संकोच नको.

(४) आपला स्वतःचा निधी. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाची तरतूद सहकारी कारखान्याला लागू होत नाही, कारण आपण कंपनी नाही. पण खते, औषधे आणि ट्रॅक्टर विकणाऱ्या ज्या मोठ्या कंपन्या आपल्याशी व्यवहार करतात त्यांना ती लागू आहे. त्यांच्याकडे सतरंज्या, पाण्याची टाकी, पत्र्याची शेड असे एकेक सामान मागता येते. उरलेला खर्च कारखान्याने आणि सभासदांनी उचलायचा.

तो खर्च किती? हिशेबासाठी २५ मुलांचे एक पाळणाघर, हंगाम १५० दिवसांचा धरू. आकडे अंदाजी आहेत. दर ज्या त्या वर्षीचे घालावेत आणि मानधन किमान वेतनाचा नियम बघून ठरवावे.

चार बायकांचे मानधन, दरमहा ९,००० प्रमाणे ५ महिने : १,८०,००० रुपये
आहार, मुलामागे रोज ३० रुपये : १,१२,५०० रुपये
शेड, पाळणे, भांडी, टाकी (पहिल्या वर्षी) : ६०,००० रुपये
औषधपेटी, साबण, खेळ : १५,००० रुपये
देखरेख व येणे-जाणे : ३२,५०० रुपये
एकूण : ४,००,००० रुपये

म्हणजे एका मुलामागे हंगामाला १६,००० रुपये, दिवसाला सुमारे १०७ रुपये. अशी दहा पाळणाघरे केली तर ४० लाख. आठ लाख टन गाळप असलेल्या कारखान्याला हे टनामागे ५ रुपये पडतात. दुसऱ्या वर्षी शेड-भांड्यांचा खर्च नाही. आहार अंगणवाडीतून मिळाला तर तोही वजा. मग एका पाळणाघराला २,२७,५०० रुपये, आणि टनामागे तीन रुपयांच्या आत काम बसते. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला हंगामात तीनशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. मात्र ऊसबिलातून कपात करायची असेल तर संचालक मंडळाचा ठराव, वार्षिक सभेची मंजुरी आणि शासनाचे नियम यांप्रमाणेच करावी. हिशेब वेगळ्या खात्यात ठेवावा आणि अहवालात छापावा. पै-पैचा हिशेब दिसला की सभासद पुढच्या वर्षी आपणहून देतो.

परवानगी आणि कागदपत्रे

कागदाला घाबरू नये, पण कागद टाळूही नये. पुढील गोष्टी हंगामाच्या आधी पुऱ्या कराव्यात.

• जागा ग्रामपंचायतीची असेल तर ठराव, सभासदाची असेल तर लेखी संमती.
• बालविकास प्रकल्प अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना लेखी कळवणे. लसीकरण आणि तपासणीचे दिवस त्यांच्याशी ठरवणे.
• काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा सगळ्यांना वाचून दाखवणे. मुलांसाठी मदतीचा दूरध्वनी १०९८ आणि रुग्णवाहिकेचा १०८ भिंतीवर रंगवणे.
• हजेरीपट. मूल कोणी आणले, कोणी नेले, अंगठा किंवा सही. ओळखीच्या माणसाशिवाय मूल कोणाच्याही हाती देऊ नये.
• पाळणाघर फक्त दिवसाचे ठेवावे. मुलांना रात्री राहण्याची सोय करायची म्हटली तर ते निवासी संस्थेचे काम होते आणि बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे नोंदणीचा प्रश्न येतो. दोन्हींची सरमिसळ करू नये.

जागेचे माप कसे धरावे? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे दिली. ती नोकरदार आस्थापनांसाठी असली तरी मापे आपल्याला उपयोगी आहेत. एका मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा. तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस. तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस. पाळणाघर आईच्या कामापासून किंवा राहण्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत. २५ मुलांना २० फूट बाय १५ फूट शेड पुरते. खाली कोबा किंवा सारवलेली जमीन, तीन बाजूंनी आडोसा, जवळ पाणी आणि दूर संडास. विहीर, रस्ता आणि वजनकाट्याची रांग यांपासून लांब.

गाडी सेंटर आणि टायर सेंटरच्या टोळ्या कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर राहतात. तेथे पक्के पाळणाघर तळावरच करावे. डोकी सेंटरच्या टोळ्या गाव बदलतात. त्यांच्यासाठी गावची अंगणवाडी, समाजमंदिर किंवा उचलून नेता येईल असा तंबू. तोडणी कार्यक्रम आमच्या विभागातच ठरतो. त्यामुळे पुढच्या पंधरवड्यात टोळी कोणत्या गावात असेल हे सेविकेला आधी कळवता येते.

कोणाला शिकवायचे, काय शिकवायचे

पाळणाघर म्हणजे मुले कोंडून ठेवणे नव्हे. त्याला शिकलेले माणूस लागते. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सेविका बारावी आणि मदतनीस दहावी शिकलेली असावी असे होते. आमचे असे सुचवणे आहे, की चार बायकांत निदान एक टोळीतलीच घ्यावी. गरोदर बाई, बाळंतपणानंतर जड काम न झेपणारी बाई, किंवा हात थकलेली आजी. तिला मुलांची बोली येते. परक्या गावात रडणारे मूल आपल्या बोलीतला शब्द ऐकला की थांबते. तिला मानधन द्यावे, फुकट राबवू नये. बाकीच्या तिघी गावातल्या, शक्य तर सभासद घरातल्या सुना-मुली.

प्रशिक्षण हंगामापूर्वी, दसऱ्याच्या आसपास व्हावे. तालुक्याच्या पर्यवेक्षिका आणि आरोग्य केंद्राच्या परिचारिका यांना बोलवावे. अंगणवाडी सेविकांसाठी केंद्राने २०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ हे प्रशिक्षण सुरू केले. तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ आणि जन्मापासून तीन वर्षांपर्यंत ‘नवचेतना’ असे दोन अभ्यासक्रम २०२४ साली आले. गावच्या सेविकेने ते घेतले असेल तर तिच्याकडून आपल्या बायकांनी शिकावे. निदान पुढील गोष्टी प्रत्येकीला आल्याच पाहिजेत.

१. दंडाचा घेर मोजणे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजावे व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर आहार वाढवून दर आठवड्याला मोजावे.

२. जुलाब झाले तर काय करावे. क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर तर आपल्या घरची आहे! झिंकच्या गोळ्या परिचारिकेकडून घेऊन चौदा दिवस द्याव्यात. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले तर थांबू नये, गाडी काढावी.

३. लशींचा हिशेब. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशी आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस हंगामात येते आणि चुकते. कार्ड बघून यादी करावी.

४. खाऊ घालणे. तीन वर्षांखालचे मूल दोन वेळच्या जेवणावर वाढत नाही. त्याला दोन-अडीच तासांनी थोडे थोडे लागते. मऊ भात-वरण, ज्वारीची पेज, शेंगदाण्याचा कूट, गूळ, अंडे. आधी हात धुणे.

५. बोलणे, गाणी, गोष्टी, खेळ. चिंचोके, मडक्याच्या खापऱ्या, चिंध्यांच्या बाहुल्या. ताराबाईंनी आणि अनुताईंनी गावातल्याच वस्तूंतून शिकवले. विकतची खेळणी नसली म्हणून अडत नाही. एवढेच, की अगदी लहान मुलांपासून चिंचोके-खडे दूर ठेवावेत, ती तोंडात घालतात.

वेळ कशी असावी? पहाटे पाच ते दुपारी तीन. दोघींनी पाचला यावे, तेव्हा बहुतेक मुले झोपलेली असतात. दोघींनी सातला यावे. पहिल्या दोघी एकला सुटतात, दुसऱ्या दोघी तीनपर्यंत थांबतात. भराई उशिरापर्यंत चालणार असेल तर मुकादमाने सकाळीच निरोप द्यावा.

सहा महिन्यांच्या आतले मूल आईच्या दुधावरच असते. त्याला आईपासून लांब ठेवू नये. त्या आईला फडाच्या कडेला झाडाखाली किंवा ताडपत्रीखाली झोळी बांधून द्यावी आणि पाजायला उठली तर कोणी बोलू नये. पाळणाघरातल्या मोठ्या मुलांच्या आयांनाही मध्ये एकदा येऊन जाता यावे.

सभासदांच्या शंका

‘दोन-चार महिन्यांसाठी येणाऱ्या माणसांवर आपण खर्च का करावा?’ — कारण ती दरवर्षी येतात. जिथे लेकरू सुरक्षित आहे त्या कारखान्याकडे टोळी टिकते, हे कोणताही मुकादम सांगेल. टोळी टिकली की तोड वेळेवर होते, वजन घटत नाही आणि खोडवा साधतो. पण हे फायद्याचे गणित नसते तरी काम करायला हवे होते, असे आमचे मत आहे.

‘तोडणी यंत्रे येत आहेत, मग हे कशाला?’ — यंत्र आले तरी लहान तुकडे, पडलेला ऊस आणि पावसाची वाफसा नसलेली राने यांत कोयताच लागतो. आणि ज्या मुलांचा हा हंगाम आहे त्यांना यंत्राची वाट बघता येत नाही.

‘आया मुले ठेवतील का?’ — पहिले आठ दिवस ठेवणार नाहीत. अनोळखी गावात कोण ठेवील? टोळीतलीच बाई तिथे दिसली, मूल जेवून हसत परत आले, की नवव्या दिवशी आपणहून आणतील.

‘वाईट घडले तर जबाबदारी कोणाची?’ — म्हणूनच हजेरीपट, पडताळणी आणि प्रशिक्षण. आज फडात काही झाले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही त्याच्या जोडीने विचारावा.

सभासदाने आजच काय करावे

पाळणाघर उभे राहीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या रानात टोळी येईल त्या दिवशी पुढील पाच गोष्टी कराव्यात. त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली, मुलांसाठी फडापासून दूर, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला सावलीची एक जागा झाडून द्या आणि तेथे पाचट टाकू देऊ नका. दुसरी, ट्रॅक्टर मागे घेताना एक माणूस खाली उभा राहिल्याशिवाय चालकाने गिअर टाकू नये, हे त्याला बजावून सांगा. तिसरी, विहीर झाका किंवा काट्या लावा, मोटारीची पेटी बंद करा, औषधाच्या बाटल्या उचला. चौथी, पिण्याच्या पाण्याची घागर भरून ठेवा. पाचवी, मुले किती आहेत ते मोजून चिटबॉयला सांगा.

या पाचव्या गोष्टीसाठी आम्ही येत्या हंगामाच्या टोळी नोंदवहीत तीन रकाने घालत आहोत : सहा महिन्यांच्या आतली मुले, सहा महिने ते तीन वर्षे, आणि तीन ते सहा वर्षे. टोळी उतरल्यावर तीन दिवसांत हे आकडे गट कार्यालयात आले पाहिजेत. त्या यादीवरूनच कोणत्या गावाला पाळणाघराची मागणी करायची ते ठरेल आणि तीच यादी प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाईल. ज्या सभासदांना जागा द्यायची आहे किंवा घरातल्या सुना-मुलींना प्रशिक्षणाला पाठवायचे आहे, त्यांनी आपल्या गटाच्या शेती मदतनिसाकडे नावे नोंदवावीत. वार्षिक सभेत ठराव मांडण्यासाठी सूचक आणि अनुमोदक सभासदांमधूनच यावेत, अशी विनंती आहे.

पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापन हा पाठ येईल.

— ऊस विकास अधिकारी, ऊस विकास विभाग